दमलो म्हणायची मुभा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि घाटाला लोक नुसतं ‘घाट’ म्हणत.

त्या घाटाच्या पायथ्याशी एका राज्याची गावं होती आणि माथ्यावर वैद्यांचा मठ होता. खाली कुणाचा ताप उतरेना, कुणाचं हाड मोडलं, कुणी बाळंतपणात अडलं, की त्याला वर मठात न्यायचं. पण वाट म्हणजे नुसत्या दगडी पायऱ्या. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. बैलगाडीचं नाव नको आणि घोड्याचंही नको. म्हणून राजाने डोलीवाले ठेवले होते. दोन लांब दांडे, मधे दोरांनी विणलेली बैठक आणि चौघांचे चार खांदे. एवढ्यावर त्या राज्यातली कितीतरी माणसं जगली होती.

डोलीवाल्यांच्या कमरेला तांबडा शेला असे. तो शेला दिसला की गावातली माणसं वाट सोडून उभी राहत, इतका त्याचा मान.

डोलीवाल्यांचा म्होरक्या, जुना नाईक, वारला, तेव्हा राजाच्या कारभाऱ्याने बाळोजीला नाईक केलं. बाळोजी तरणाबांड होता. त्याच्यासारखा झपाट्याने घाट चढणारा दुसरा नव्हता. मनाने तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाईक झाल्याच्या दिवशी तो पहिला कुठे गेला असेल, तर सुभानकाकांच्या घरी. मिसरूड फुटायच्या वयात त्याला दांडा खांद्यावर कसा घ्यायचा ते सुभानकाकांनीच शिकवलं होतं. “उचलताना श्वास कोंडू नकोस. सोड. भार अर्धा होतो,” असं ते सांगत. बाळोजी त्यांच्या पाया पडला. सुभानकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मोठा हो. पण चढावर मागे वळून बघत जा.”

बाळोजीच्या डोक्यात मात्र पुढचंच घोळत होतं. डोली लवकर वर पोचली पाहिजे. आजारी माणसाला वेळ कुठे असतो? आणि त्याला दिसे की, ज्या डोलीला पिकले केस लागलेले असतात, ती डोली वाटेत थांबते. कधी आंब्याखाली, कधी झऱ्यापाशी. तरुणांची डोली थांबत नाही.

एके सकाळी त्याने सगळ्यांना पायथ्याच्या पिंपळाखाली गोळा केलं. डोल्यांत धोंडे भरले आणि म्हणाला, “माथ्याजवळ जो चौथरा आहे, तिथपर्यंत न थांबता जायचं. जो थांबेल, त्याने शेला उतरवून ठेवायचा. त्याचा अपमान नाही हं. राजाच्या कोठारातून त्याच्या घरी जन्मभर धान्य जाईल. तुम्ही खूप केलंत. आता घरी बसा, नातवंडं खेळवा.”

बोलणं गोड होतं. त्यामुळे भांडायचं कुणाशी, तेच कुणाला कळेना.

सुभानकाका आंब्यापाशी थांबले. गणोजी थांबला, राघू थांबला, आणखीही काही जुने गडी थांबले. एकेकाने शेला सोडून घडी घातली आणि पिंपळाच्या पारावर ठेवली. सुभानकाकांची पाळी आली तेव्हा बाळोजी म्हणाला, “काका, राग नका मानू. तुम्हाला आता आराम मिळेल.”

“आराम मी मागितला नव्हता रे,” सुभानकाका म्हणाले. “दमलो असतो तर मीच आलो असतो तुझ्याकडे. तू एकदा विचारायचंस तरी.”

बाळोजीला ते लागलं. पण त्याने मनाची समजूत घातली, की म्हाताऱ्या माणसांना बदल सोसत नाही. आपण मोठे होतो तेव्हा अशा समजुती आपल्याला फार स्वस्तात मिळतात.

पुढचे काही महिने सगळं झकास चाललं. डोल्या धावायला लागल्या. कारभारी खुद्द पायथ्याशी येऊन “शाबास” म्हणून गेला. बाळोजीची छाती फुगली.

सुभानकाकांचं घर घाटाच्या मध्यावर, एका वळणावर होतं. डोली खालून जायची तेव्हा ते ओट्यावर बसलेले असत. बरोबर राघू आणि गणोजीही असत, कारण घरी बसायचं म्हणजे करायचं काय, हे त्या दोघांना अजून सुधरलं नव्हतं. सुभानकाका प्रत्येक डोलीला वरून हाक घालत, “जपून रे पोरांनो!” बाकीचे हात वर करत. बाळोजी मात्र त्या वळणावर खाली पायऱ्यांकडे बघून चाले.

हळूहळू काही गोष्टी बदलल्या. बाळोजीला त्या दिसल्या, पण त्यांचा अर्थ त्याला उलटाच लागला.

पिंपळाखाली करंजेलाचं एक मडकं असे. चढून आलेले गडी त्यातलं तेल घेऊन एकमेकांचे गुडघे चोळत, पोटऱ्या रगडत. पूर्वी ते मडकं सारखं भरावं लागे. आता ते भरलेलंच राही. बाळोजी कौतुकाने म्हणायचा, “बघा, माझ्या माणसांचे पायच दुखत नाहीत!”

वाटेतल्या झऱ्यावर कुणी थांबेना. तापाने फणफणलेला गडीही कामावर येई आणि विचारलं तर “उन्हाने तोंड तापलंय” म्हणे. पिकल्या केसांचं तर माणूसच दिसेना. सगळ्यांची डोकी कशी काळीभोर! बाळोजीला वाटलं, आपली सगळी फौज तरुण झाली. नवी पोरं मात्र कामाला यायची कमी झाली. त्यावर तो म्हणे, “हल्लीची पोरं आळशी.”

त्याचा स्वतःचा उजवा खांदाही एव्हाना कुरकुरायला लागला होता. सकाळी उठल्यावर हात बधिर झालेला असे. तो भिंतीकडे तोंड करून हात झाडी, बायकोलाही दाखवत नसे, आणि शेला बांधून बाहेर पडे.

मार्गशीर्षातली सकाळ होती. धुकं दाट, पायऱ्यांवर दव. खालच्या कुंभारवाड्यातून निरोप आला, की मैना नावाची पहिलटकरीण अडली आहे, सुईणीने हात टेकले आहेत, ताबडतोब वर न्या. एक गडी आला नव्हता, म्हणून बाळोजीने स्वतः दांडा घेतला. मागे तो आणि शिदू. पुढे कोवळा जोत्या आणि मल्हारी.

मल्हारी म्हणजे बाळोजीचा सगळ्यात भरवशाचा माणूस. वय पन्नाशीला आलेलं, पण केसात एक चंदेरी तार नाही आणि कामात कधी हयगय नाही. मल्हारी पुढे असला की मागच्यांनी डोळे मिटून चालावं.

मैनाची आई धुरपदाबाई डोलीला हात लावून बरोबर चालत होती. मैना कळ आली की ओठ चावी आणि कळ गेली की “आई, आहेस ना?” म्हणे.

मधल्या वळणावर वाट अगदी चिंचोळी होते. तिथे मल्हारीने पाय उचलला, ठेवला आणि त्याचा गुडघा वळला. नुसता वळला, जसं वाळलेलं लाकूड वळता वळता मोडावं. दांडा त्याच्या खांद्यावरून सुटला. डोली दरीकडे कलली. मैना किंचाळली. मागून बाळोजीने सगळा जोर लावला, पण त्याचा बधिर हात त्याला साथ देईना.

सगळं संपलं, असं वाटलं. पण मल्हारीने पडता पडता स्वतःला दांड्याखाली झोकून दिलं. दांडा दाणकन त्याच्या खांद्यावर आदळला, हाड मोडल्याचा आवाज झाला आणि डोली त्याच्या अंगावर अडून राहिली.

चौघांनी, म्हणजे आता तिघांनी आणि धुरपदाबाईने, डोली कशीबशी आतल्या अंगाला ओढून पायरीवर टेकवली. मैनाला काही लागलं नव्हतं. बाळोजी धावत मल्हारीकडे गेला. मल्हारीच्या कपाळावरून काळं पाणी ओघळत होतं. बाळोजीला आधी कळेचना हे काय. मग कळलं. घामाने केसातलं काजळ उतरत होतं, आणि खालून पांढरे केस दिसत होते.

“ठेचकाळलास का रे?” बाळोजीने विचारलं.

“ठेच नाही, नाईक. गुडघा. दिवाळीपासून राहून राहून दगा देतोय.”

“दिवाळीपासून? आणि बोलला नाहीस? अरे, आज दोन जीव दरीत गेले असते!”

मल्हारीने डोळे मिटून घेतले. “ठाऊक आहे. रोज देवाला म्हणत होतो, आजचा दिवस निभव. पण बोललो असतो तर शेला गेला असता की. चार पोरांत अजून एकही मार्गी लागलं नाही. आणि खरं सांगू? मला हे काम आवडतं, नाईक. मला ओट्यावर बसायचं नव्हतं.”

बाळोजीने त्याच्या कपाळावरचं काळं पाणी हाताने पुसलं.

तेवढ्यात मैनाला पुन्हा कळ आली. तिघांनी डोली नेणं शक्य नव्हतं. बाळोजीने वर पाहिलं. वळणावरचं ते घर कुणाचं, ते त्याला ठाऊक होतं. पण हाक कोणत्या तोंडाने मारावी?

हाक मारावी लागली नाही. सुभानकाका ओट्यावरून उठून पायऱ्या उतरतही होते. मागे राघू होता, आणि राघूच्या खांद्यावर हात ठेवून गणोजी. सुभानकाकांची बायको, गऊकाकू, हातात पाण्याचा तांब्या आणि फाटकं लुगडं घेऊन आली होती. ती थेट मल्हारीजवळ बसली आणि त्याचा खांदा बांधायला लागली.

सुभानकाकांनी बाळोजीकडे बघितलंही नाही. धुरपदाबाईला विचारलं, “कळा कधीपासून?”

“पहाटेपासून, दादा.”

“मग चला. बोलत बसायची वेळ नाही.” त्यांनी मल्हारीच्या जागेवर जाऊन दांड्याला हात घातला.

बाळोजी घाबरला. “काका, माथ्यापर्यंत तुम्हाला झेपायचं नाही.”

“माथ्यापर्यंत कोण म्हणतंय? त्या आंब्यापर्यंत झेपेल. आंब्यापासून राघू घेईल. राघू दमला की गणोजी. तोवर माझा दम परत येतो.”

“पण अदलाबदलीत वेळ जाईल.”

“जाईल थोडा,” सुभानकाका म्हणाले. “डोली पडली की किती जातो?”

डोली उचलली. सुभानकाका हळू आवाजात म्हणू लागले, “उचल... ठेव. उचल... ठेव.” त्या आवाजावर बाकीच्यांचे पाय पडू लागले. जोत्या मघापासून थरथरत होता. त्याची थरथर थांबली. आंब्यापाशी राघूने चालत्या डोलीचा दांडा अलगद आपल्या खांद्यावर घेतला. डोली हलली नाही, की टेकवावी लागली नाही. पुढे राघूकडून गणोजीने घेतला. गणोजीला डोळ्यांनी कमी दिसे, पण जोत्या शेजारून “आता उंच पायरी, काका” म्हणे आणि गणोजी पाय उचले. झऱ्यापाशी शिदूला धाप लागली. कुणी काही म्हणायच्या आत राघू म्हणाला, “ये बाहेर. मी आहे.” शिदूने जन्मात पहिल्यांदा चढावर दांडा सोडला आणि पोटभर श्वास घेतला.

दांड्यावर ज्याची पाळी नसे, तो मैनाच्या बाजूने चाले. सुभानकाकांनी तिला विचारलं, “पोरी, तू कुंभाराची ना? चाकावर मडकं असतं तेव्हा तुझा बाप घाई करतो का?”

मैना कण्हत म्हणाली, “नाही. मडकं बिघडतं.”

“आणि चाक थांबवतो का?”

“थांबवलं तरी बिघडतं.”

“मग झालं तर. आपणही घाई करायची नाही आणि थांबायचंही नाही. बोलत राहा माझ्याशी. काय काय घडवता तुम्ही? रांजण करता का?”

आणि ती पोर कळांच्या मधे मधे रांजण कसा करतात ते सांगत राहिली.

बाळोजी मागच्या दांड्याला होता. त्याने या माणसांच्या बरोबर वर्षानुवर्षं काम केलं होतं. पण ही माणसं थांबतात कुठे, एवढंच त्याने आजवर पाहिलं होतं. ती चालतात कशी, हे आज पहिल्यांदा त्याच्या नजरेस पडत होतं.

ऊन धुक्यातून वर आलं तेव्हा डोली मठात पोचली. वैद्यबाईंनी मैनाला आत घेतलं. बाहेर सगळे पायऱ्यांवर बसले. बऱ्याच वेळाने आतून तान्ह्या पोराचा टाहो ऐकू आला. धुरपदाबाई बाहेर आली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. “मुलगी आहे,” ती म्हणाली. “दोघी सुखरूप आहेत.” आणि तिने त्या दमलेल्या माणसांपुढे जमिनीवर डोकं टेकलं.

सुभानकाका पाण्याचा पेला धरून बसले होते. तो ओठांपर्यंत उचलायचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. बाळोजीने तो पेला आपल्या हातात घेतला, त्यांच्या ओठांना लावला. मग त्याला राहवलं नाही. त्याने त्यांचे पाय धरले.

“काका, माझं चुकलं.”

“चुकलं ते चुकलं. त्याचं पुढे बघू,” सुभानकाका म्हणाले. “आधी तो मल्हारी वर आणायचाय. त्याचं हाड बसवायला नको का?”

अपघाताची खबर राजवाड्यात पोचली आणि कारभारी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मल्हारीला घरी पाठव. आणि तुझी परीक्षा आणखी कडक कर. चाळिशी ओलांडली की शेला उतरवायचा, असा नियमच करू. म्हणजे असं पुन्हा होणार नाही.”

कारभाऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी ठीक होतं. घाटावर गुडघा वळला की माणूस मरतो, हे खोटं नव्हतं. काही महिन्यांपूर्वी बाळोजीही हेच बोलला असता.

पण बाळोजी म्हणाला, “मल्हारीचा गुडघा म्हातारा झाला म्हणून डोली कलली, असं नाही, सरकार. गुडघा दुखतो हे तो मला सांगू शकला नाही, म्हणून कलली. चाळिशीचा नियम केला तर चाळिशीनंतर सगळे आपली वयं लपवतील. त्यांची तोंडं मी बंद केली होती. ती उघडायला मला एक हिवाळा द्या. नाही जमलं, तर पहिला शेला माझा उतरवा.”

कारभारी कठोर होता, पण न्यायी होता. तो म्हणाला, “एक हिवाळा दिला.”

बाळोजीने पुन्हा सगळ्यांना पिंपळाखाली बोलावलं. जुने आले, नवे आले. खांदा बांधलेला मल्हारीही आला आणि शेवटी, मान खाली घालून बसला. बाळोजी म्हणाला, “ज्याला ज्याला काही दुखतंय, त्याने सांगावं. कुणाचा शेला जाणार नाही.”

कुणी पुढे येईना. एकदा पोळलेली माणसं ती. गोड बोलणं त्यांनी मागेही ऐकलं होतं.

बाळोजी उभा राहिला. त्याने अंगरखा काढला आणि उजवा हात वर करायला गेला. हात खांद्याच्या वर जाईना. सगळ्यांदेखत त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा जाईना. “कित्येक महिने असंच आहे,” तो म्हणाला. “त्या दिवशी डोली कलली तेव्हा या हाताने मला दगा दिला. मल्हारीने जे लपवलं तेच मीही लपवलं होतं. मीच केलेल्या नियमाला मीच घाबरत होतो.”

मग शिदू म्हणाला, “माझी कंबर धरते. सकाळी वाकताच येत नाही.” दुसरा म्हणाला, “माझ्या टाचेत कुरूप आहे.” मग एकेक करत सगळेच बोलायला लागले. कोवळा जोत्या शेवटी उठला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन म्हणाला, “मला... मला दरीकडे बघितलं की गरगरतं.”

एकच हशा पिकला. पण तो मोकळा हशा होता, आणि जोत्याही त्यात होता. “अरे, मग आतल्या दांड्याला लाग की!” राघू ओरडला. “इतके दिवस मरत होतास काय?”

सभा उठली तेव्हा निम्मे गडी ओढ्यावर गेले आणि डोकी धुऊन आले. त्या दिवशी खालच्या गावात गुरांनी ओढ्याचं पाणी पिण्याआधी हुंगून बघितलं म्हणतात.

मग कामाची नवी घडी बसली. ती काही एका दिवसात बसली नाही. घाटाचे लहान लहान टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्यावर ताज्या दमाचा माणूस उभा राहू लागला. ज्याला पूर्ण चढ झेपत नव्हता, त्याला एक टप्पा झेपत होता. ज्याला दांडाच झेपत नव्हता, तो आजाऱ्याच्या बाजूने चालत, त्याला धीर देत वर जाई. मल्हारीचा खांदा सांधला, पण त्याचा गुडघा काही पुन्हा चढाचा राहिला नाही. तो नव्या पोरांना डोली उचलायला शिकवू लागला. आणि पडावं कसं, हेही शिकवू लागला.

सगळंच गोड झालं असं मात्र समजू नका. गणोजीची दृष्टी आणखी मंदावली, तरी तो दांडा सोडायला तयार होईना. बाळोजीने त्याचं नाव परस्पर गाळलं नाही. तो त्याच्या घरी गेला, त्याच्याबरोबर भाकरी खाल्ली आणि मग तोंडावर सांगितलं, “गणूकाका, वरच्या वळणावर आता मला तुमची भीती वाटते.” गणोजी चिडला, नको ते बोलला, ताटावरून उठला. बाळोजी बसून राहिला. बऱ्याच वेळाने गणोजी परत आला आणि म्हणाला, “मलाही वाटते.” त्यानंतर डोल्यांचे दोर वळायचं आणि गाठी तपासायचं काम त्याने घेतलं. ते बोटांनी करायचं काम होतं.

आणि राघूने तर सगळ्यांना चाटच पाडलं. बाळोजी शेला घेऊन त्याच्याकडे गेला, तेव्हा तो म्हणाला, “नको रे बाबा. त्या दिवशी आलो तो पोरीसाठी. मला खरंच आता नातवाबरोबर मासे धरायचेत.” तेव्हा गावाने त्याला वाजतगाजत घरी पोचवलं. ज्याला राहायचं तो राहिला, ज्याला जायचं तो मानाने गेला. यावेळी फरक एवढाच होता, की दोघांनाही आधी विचारलं होतं.

हिवाळा सरला आणि कारभारी आला. पिंपळाखाली करंजेलाचं मडकं तळाला लागलं होतं आणि गडी एकमेकांचे गुडघे चोळत बसले होते. त्याने डोली वर जाताना पाहिली. “पूर्वीपेक्षा जरा हळू जाते,” तो म्हणाला.

“जाते, सरकार,” बाळोजी म्हणाला. त्याने ते नाकारलं नाही. “पण पोचते. या हिवाळ्यात एकही पडली नाही.”

कारभारी बराच वेळ त्या डोलीकडे बघत उभा राहिला. दांड्याखाली काळी डोकी होती, पांढरी होती, आणि बाजूने चालणारा एक म्हातारा आत बसलेल्या बाईला काहीतरी सांगून हसवत होता. कारभाऱ्याने आपलं पागोटं किंचित मागे सारलं. त्याचे कानशिलावरचे केसही पिकलेले होते. तो बाळोजीला म्हणाला, “असंच चालू दे,” आणि निघून गेला.

पुढे उन्हाळ्यात एके दिवशी दूरच्या गावची एक बाई आपल्या मुलाला घेऊन पायथ्याशी आली. तिला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, त्या घाटावर कामाला लाव पोराला. तिने बाळोजीला विचारलं, “नाईक तुम्हीच ना? माझा पोरगा अंगाने मजबूत आहे. पगाराचं काही नाही. मला एवढंच सांगा, इथे माणूस म्हातारा होऊ शकतो, ते खरं का?”

बाळोजीने तिच्याकडे बघितलं, मग पारावर बसून पोरांना दम कसा राखायचा ते शिकवणाऱ्या सुभानकाकांकडे बघितलं. आपल्याला कुणी केवढं वाचवलं, ते माणसाला कधी कधी असं भर दुपारी, चालता बोलता कळतं.

“खरं आहे, बाई,” तो म्हणाला. “आणि त्याचं श्रेय माझं नाही. या, त्यांच्याशी ओळख करून देतो.”

त्या वर्षापासून घाटावर कामाला माणसं कधी कमी पडली नाहीत.

तात्पर्य: जिथे माणसाला न भिता ‘दमलो’ म्हणता येतं, तिथेच तो भार शेवटपर्यंत इमानाने वाहतो.